शेवटचं कूपन मी दिलं नाही

दुकान म्हणजे फार काही नव्हतं. जयपूरला मानसरोवर कॉलनीत आमचं हाउसिंग बोर्डाचं घर, त्याला पुढे एक खोली. त्या खोलीच्या खिडकीचे गज कापून घेतले, फळी ठोकली आणि आत स्टूल टाकून बसलो. बिस्किटं, साबण, आगपेट्या, पोरांच्या वह्या, शेंगदाण्याची पाकिटं. रेल्वेतून रिटायर झालेला माणूस दिवसभर घरात दिसला की बायकोच्या डोळ्यांवर येतो, म्हणून मी खिडकीत बसायला लागलो. लोक विचारत, पेन्शन आहे, मग हा खटाटोप कशाला. मी सांगत असे, पेन्शन सरकारची, दुकान माझं.

मी शिकलो चौथीपर्यंत, अकोल्याकडच्या एका खेड्यात. नोकरीनं राजस्थानात आणून टाकलं आणि इथेच हाडं मुरली. हिंदी बोलतो ती ऐकून इथले लोक अजून हसतात. हसू देत. माझं दुकान त्या हिंदीवर चाललं.

त्या दिवसांत मोबाइल नुकते स्वस्त झाले होते. भाजीवाल्याच्या गाडीवर मोबाइल, इस्त्रीवाल्याच्या टेबलावर मोबाइल. त्यात पैसे भरायचे म्हणजे कूपन घ्यायचं. पत्त्याच्या पानाएवढा पुठ्ठा, त्यावर चंदेरी पट्टी. ती नाण्यानं खरवडली की खाली लांबलचक नंबर निघे. तो फोनात दाबला की पैसे चढले. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. नंबर ज्याला कळला, पैसे त्याचे. पुठ्ठा तुमच्या खिशात असला तरी नंबर दुसऱ्यानं आधी दाबला तर तुमच्या हातात नुसता पुठ्ठा.

हे ज्यांना आधी समजलं ते चोर होते. एजन्सीचा माणूस कूपनं द्यायला येई त्यानंच मला सांगितलं, ताऊ, जरा देखकर बेचना, आजकल फोन आ रहे हैं लोगों को. फोन येतो, तुमच्या नंबरला इनाम लागलं म्हणतात, मोटारगाडी लागली म्हणतात. टॅक्स भरा, तोही कूपननं भरा, कूपन खरवडून नंबर तेवढा फोनवर वाचून दाखवा. बस. इतक्यावर माणूस लुटला जातो. चाकू नाही, पिस्तूल नाही.

मग मी गिऱ्हाइकाकडे बघायला लागलो. चोराच्या नादी लागलेला माणूस ओळखू येतो. तो मोठंच कूपन मागतो आणि एकाच वेळी चार-पाच मागतो. फोन कानाला लावलेलाच असतो. भाव विचारत नाही, सुट्ट्या पैशांसाठी थांबत नाही, आणि कोणासाठी घेता विचारलं की चिडतो.

एक बाई आल्या होत्या अशाच. शाळेत शिकवायच्या, चांगल्या घरच्या. फोन कानाला, दुसऱ्या हातानं नुसती बोटं दाखवली, पाच.

मी म्हटलं, "बहनजी, किसके लिए?"

"आपको क्या मतलब? दुकानदार हो, सामान दो."

मी कूपनं परत गल्ल्यात टाकली. म्हटलं, नहीं है. त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत समोरच्या दुकानातून घेतली. पुढे त्या गल्लीतून जाताना माझ्या खिडकीकडे बघायच्या नाहीत, त्यावरून काय झालं असेल ते मी समजलो. बायको म्हणाली, "गिऱ्हाइकं तोडता तुम्ही. उद्या साबण घ्यायलाही येणार नाही ती."

"नको येऊ दे."

त्यानंतर मी माझी रीत ठरवली. कोरं कूपन हातात द्यायचं नाही. फोन इकडे द्या, मी खरवडतो, मी भरतो, पैसे चढल्याचा मेसेज बघा आणि जा. काही लोकांना हा अपमान वाटला. माझी खिडकी, माझी रीत.

पण सगळ्यांना एक रीत आणि एका माणसाला दुसरी, असं झालं. तो माणूस माझा दोस्त होता.

आम्ही दोघंही गेटमन. आग्र्याच्या रस्त्यावर बस्सी आहे, त्याच्या अलीकडे एका फाटकावर आमची ड्यूटी. तोही आमच्याकडचाच, आमच्या गावापासून बैलगाडीच्या अंतरावरचा. एवढ्या लांब परमुलखात एकाच फाटकावर दोन वऱ्हाडी माणसं, साहेबलोकांना गंमत वाटायची. त्याची पाळी सुटली की माझी लागायची. म्हणजे जन्मभर आम्ही एकमेकांना भेटलो ते ड्यूटी बदलताना. पण त्या थोड्या वेळात भाकरी वाटून खाल्ली, पोरांची दुखणी सांगितली, साहेबांना शिव्या दिल्या. मी आलो की तो म्हणायचा, "आला का गड्या? घे, सांभाळ आपली जहागीर."

फाटकाचं काम लोकांना सोपं वाटतं. दांडा खाली, दांडा वर. पण त्यात एक फोन असतो. गाडी यायची असली की स्टेशनमास्तर फोन करतो. आपण फाटक लावायचं, कुलूप लावायचं आणि मग फोनवर त्याला एक नंबर सांगायचा. प्रायव्हेट नंबर म्हणतात. आपल्याकडे नंबरांचा छापील कागद असतो, त्यातला एक सांगायचा आणि खोडायचा, तो पुन्हा वापरायचा नाही. एकेक आकडा सुटा बोलायचा. पलीकडून मास्तर तोच नंबर परत वाचून दाखवतो. तो वाचून झाला की मगच सिग्नल पडतो. मास्तरचं तोंड आपण बघत नाही. नवा मास्तर बदलून आला तर आवाजही ओळखीचा नसतो. तरी नंबर परत वाचला गेला म्हणजे पक्कं. सगळी गाडी, गाडीतली सगळी माणसं त्या नंबरावर चालतात. तीसेक वर्षं हेच केल्यावर ते माणसाच्या हाडात जातं.

तो माझ्यामागून रिटायर झाला. क्वार्टर सोडावी लागली तेव्हा आमच्या मागच्या गल्लीत एक खोली भाड्यानं घेऊन राहिला. तो, वहिनी आणि मुलगा. मुलगा सीतापुऱ्यात कपड्याच्या कारखान्यात ठेकेदाराकडे होता, सकाळी बसनं जायचा. मुलाचं लग्न ठरत नव्हतं. मुलीकडचे येत, एकच खोली बघत, चहा पीत आणि जात. म्हणून दोस्तानं मानसरोवरातच दोन खोल्यांच्या घराचा सौदा केला. बयाणा दिला होता. बाकीचा पैसा बँकेत ठेवलेला, रिटायरमेंटचा. दिवाळीनंतर उरलेली रक्कम द्यायची आणि किल्ली घ्यायची, असं बोलणं झालं होतं. वहिनी तर एकदा त्या रिकाम्या घरात जाऊन चूल कुठे ठेवायची ते बघून आल्या होत्या.

तो माझ्याकडून कूपनं घ्यायला लागला. आधी लहान, मग मोठी. मी विचारलं तर म्हणाला, "गावाकडं भावासंगं बोलतो. आता रिकामा हाव, बोलू दे ना."

त्याला मी कोरी कूपनं हातात दिली. दोस्ताला काय म्हणणार, फोन इकडे दे, मी भरतो? त्यानं ते ऐकून घेतलं नसतं, आणि मलाही ते शोभलं नसतं. मी दिली ती बरोबर दिली असं मी आजही म्हणतो. भावाशी बोलतो म्हणाला, मी विश्वास ठेवला.

मग एक दिवस दुपारी तो कूपनं घेऊन गेला नाही. समोरच्या कडुनिंबाखाली उभा राहून त्यानं ती नाण्यानं खरवडली आणि फोन कानाला लावला. मी खिडकीतून ऐकत होतो. तो मोठ्यानं बोलत होता, "तीन. शून्य. सात. सात. एक." प्रत्येक आकडा सुटा. मग थांबला. मग पुढचे आकडे, मग पुन्हा थांबला. आणि शेवटी म्हणाला, "हाँ जी, बराबर."

तो आवाज मी ओळखत होतो. तो फाटकावरचा आवाज होता. भावाशी असं कोण बोलतं?

मी दुकान तसंच टाकून खाली उतरलो.

"कोणाले नंबर देऊन राह्यला?"

तो हसला. इतका खूश मी त्याला फार दिवसांत बघितला नव्हता. मला बाजूला घेऊन गेला आणि हळूच म्हणाला, "अजून कोणाले सांगू नको. पोराले बी नाई सांगितलं. गाडी लागली हाय आपल्याले."

"कोणती गाडी?"

"मोटार. पांढरी. फोनच्या कंपनीनं चिठ्ठ्या काढल्या, त्यात आपला नंबर निंगाला. आपल्याले मोटार कायले पायजे? ते म्हणतात, पाहिजे तर पैसे घ्या. दोनाच्या तीन खोल्या करतो म्हणलं, पोराले अलग खोली."

"अन् कूपनं?"

"टॅक्स हाय तो. त्यायचा हिशोब कूपननंच चालते. कंपनीच कूपनची हाय ना बावा."

मी त्याला तिथेच सांगितलं की हा चोर आहे. एजन्सीच्या माणसानं सांगितलेलं सगळं सांगितलं. त्या शाळेच्या बाईंचं सांगितलं. तो शांतपणे ऐकत राहिला, जसा आपण लहान पोराचं ऐकतो. मग म्हणाला, "तुले एक सांगू? तो नंबर परत वाचते. दर वेळी. एक आकडा चुकत नाई. अन् मग आपला कन्फर्म नंबर देते. चोर कायले देईन नंबर?"

मलाही एक क्षण वाटलं, परत वाचतो म्हणजे... मग मी स्वतःवरच चिडलो.

मी म्हटलं, लाव त्याला फोन, मी बोलतो. त्यानं लावला. पलीकडे एक गोड आवाज. "प्रणाम बाबूजी, हेड ऑफिस से बोल रहा हूँ." मी म्हटलं, मी यांचा भाऊ बोलतो, हे एक कूपन राहिलं होतं, नंबर घ्या. आणि खिशात एक वापरलेलं, संपलेलं कूपन होतं त्याचा नंबर मी वाचून दाखवला. माझा विचार असा की चोर असेल तर तो म्हणेल ठीक आहे, मिळालं, आणि मी दोस्ताला सांगीन, बघ, मेलेलं कूपन घेतलं यानं, याला काही कळत नाही, हा नुसता आकडे गोळा करतो.

त्यानं नंबर परत वाचला. एक आकडा चुकला नाही. मग जरा थांबला, आणि म्हणाला, "बाबूजी, ये तो यूज़ हो चुका है. कोई बात नहीं, गलती हो जाती है. दूसरा दे दीजिए."

फोनचा आवाज मोठा होता, दोस्तानं सगळं ऐकलं. त्यानं माझ्या हातातून फोन घेतला. बंद करून खिशात ठेवला. त्याच्या तोंडावर असं समाधान होतं की मला त्याच्याकडे बघवेना.

"पाह्यलं? त्यायच्या मशीनमंदी सगळं दिसते. फसवणारा असता तर घेतला असता का खोटा नंबर? उलट तूच त्याले फसवू राह्यला होता."

मी कितीतरी वेळा समजावलं. अरे, तो तिथल्या तिथे आपल्या फोनात भरून बघतो, म्हणून त्याला कळलं. पैसे चढले नाहीत म्हणून कळलं. पण ते त्याच्या कानात शिरलं नाही. माझ्या हातानं मी त्या चोराची साक्ष काढली आणि साक्ष चोराच्या बाजूनं झाली.

त्या दिवसापासून त्याला कूपन देणं मी बंद केलं. तो समोरच्या दुकानातून घेऊ लागला. समोरच्याला मी जाऊन सांगितलं, तो म्हणाला, "ताऊ, मैं नहीं दूँगा तो कोई और देगा." बरं.

वहिनी आल्या त्या मागच्या दारानं आल्या, माझ्या बायकोकडे आल्याचं दाखवून. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भाऊजी, बँकेतून पैसे काढू राह्यले हे. मले सांगत नाईत. मी पासबुक मागतलं तर अंगावर आले. कदी आले नोते."

"पोराला सांगा."

"पोराले सांगितलं तर बापलेकात काय होईन ते मले मालूम हाय. तुम्हीच सांगा. तुमचं आइकतात."

"माझं ऐकत असता तर काय पाहिजे होतं, वहिनी."

बायकोनं चहा केला. वहिनींनी तो घेतला नाही. जाता जाता एवढंच म्हणाल्या, "घर तं होईन ना, भाऊजी?" मी होईल म्हटलं. दुसरं काय म्हणायचं होतं?

दिवाळी जवळ आली तेव्हा तो सरळ माझ्या खिडकीशी आला. दाढी वाढलेली, पण डोळे चमकत होते. गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यादेखत म्हणाला, "गाडी निंगाली. आग्र्याच्या रस्त्यानं येऊन राह्यली, आज बस्सीले पोचते. शेवटचं एक कूपन पायजे, परमिटचं. ते भेटलं की ड्रायव्हर गाडी सोडते."

"बस्सीच कशी काय?"

"त्यायनं इचारलं, कुठं पायजे डिलिव्हरी. मी म्हणलं बस्सीले माही उमर गेली, तिथंच द्या."

म्हणजे त्यानंच सांगितलं होतं आणि फोनवरच्या आवाजानं तेच परत वाचून दाखवलं होतं.

"समोरून घे ना कूपन."

त्यानं मागच्या गिऱ्हाइकांकडे बघून घेतलं. मग म्हणाला, "समोरचा उधार देत नाई." आणि मग मला कळलं की बँकेत काही राहिलं नव्हतं.

मी कूपन दिलं नाही. मी म्हटलं, "चाल. आत्ता चाल बस्सीले. गाडी आली असन तर दोघं पाहू. असली तर तिथं घेऊन देतो कूपन, एक काय चार." मला वाटलं, रिकामा रस्ता डोळ्यानं बघेल तर डोकं ठिकाणावर येईल. बायको नको म्हणत होती. मी फळी आत ओढली आणि निघालो.

बसमध्ये तो खिडकीशी बसला. रस्ताभर बोलत होता, पोराच्या लग्नात कोणाला बोलवायचं, गावाकडून कोण येईल, माझी बायको आणि वहिनी मिळून पुरणपोळ्या करतील. कंडक्टरनं विचारलं, कहाँ, तर म्हणाला, "बस्सी. गाडी लेनी है." कंडक्टर म्हणाला, "वाह बाबा, मिठाई खिलाना." तो म्हणाला, खिलाएंगे. मी बाहेर बघत होतो.

बस्सीला आम्ही रस्त्याच्या कडेला उतरलो. ऊन होतं. ढाब्याच्या बाजूला एक दगड होता त्यावर तो बसला आणि आग्र्याकडून येणारी एकेक गाडी बघत राहिला. ट्रक, बस, उंटगाडी, पुन्हा ट्रक. मी म्हटलं, पाह्य, काही नाही. तो म्हणाला, येईन. मी ढाब्यावरून पाणी आणलं. तो प्यायला नाही.

आणि मग तो ट्रॉला आला. तुम्ही बघितला असेल, लांब, वर-खाली दोन मजले, त्यावर नव्या कोऱ्या मोटारी बांधलेल्या असतात. शोरूमला जातात त्या. आग्र्याच्या रस्त्यावर रोजचे. पण त्या वेळी, त्या जागी तो यायला नको होता. वरच्या मजल्यावर एक पांढरी मोटार होती, काचांना कागद चिकटवलेले.

दोस्त उठून उभा राहिला. त्यानं हात वर केला, फाटकावर आम्ही करायचो तसा, सरळ, तळहात पुढे. ट्रॉला थांबला नाही. धूळ उडवत जयपूरच्या बाजूला गेला.

त्यानं फोन लावला. आकडे एकेक करून नीट दाबले. "साब, अभी ट्रॉला गया. सफेद गाडी ऊपर थी. रुका नहीं."

पलीकडचा आवाज क्षणभरसुद्धा थांबला नाही. "वही थी, बाबूजी. ड्राइवर ने बहुत देर राह देखी. आपका आखिरी कूपन ही नहीं आया, मैं क्या करूँ?"

मी फोन हिसकावून घेतला. त्या माणसाला मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानं ऐकून घेतलं, अगदी शेवटपर्यंत, मग फोन ठेवला. त्यानंतर तो नंबर कधी लागला नाही. स्विच ऑफ.

दोस्त माझ्याकडे बघत होता. ओरडला नाही. शिवीही दिली नाही. फक्त म्हणाला, "डोळ्यानं पाह्यली ना तू? पांढरी?"

"अरे, तो शोरूमचा ट्रॉला..."

"एक कूपन. फक्त एक."

परत येताना आम्ही एकाच बसमध्ये होतो, पण तो पुढे जाऊन ड्रायव्हरच्या मागे बसला.

बाकी सांगायला फार नाही. घराचा सौदा मोडला, बयाणा गेला. मुलाला कळलं तेव्हा तो बापाला घेऊन पोलीस चौकीत गेला, मलाही बोलावलं साक्षीला. तक्रारी लिहून घेणाऱ्या मुन्शीनं सगळं ऐकलं. विचारलं, नंबर कोणी सांगितले? दोस्त म्हणाला, मी. कोणी जबरदस्ती केली? नाही. मग मुन्शीनं पेन खाली ठेवलं. "तो बाबा, शिकायत किसके खिलाफ लिखूँ?" दोस्तानं बोट उचललं आणि माझ्याकडे दाखवलं. मुन्शी हसला, मुलगा खाली बघायला लागला. मी उठून बाहेर आलो.

गल्लीत मग दोन्ही बाजूंनी बोललं गेलं. काही म्हणाले, मराठी बाबानं वाचवायला बघितलं. काही म्हणाले, एका कूपनासाठी अडला आणि दोस्ताचं घर घालवलं. स्वतःच्या घरावर दुसरा मजला चढवतोय ना, दुसऱ्याचं कसं होऊ देईल. हे माझ्या कानावर येत होतं. मी खिडकीतच बसत होतो. बायको म्हणाली, काही दिवस बंद ठेवा. मी एक दिवससुद्धा बंद ठेवलं नाही.

ते लोक खोली सोडून सीतापुऱ्याला गेले, मुलाच्या कारखान्याजवळ, कामगारांच्या चाळीत. सामान नेलं त्या दिवशी मी हात लावायला गेलो तर मुलगा म्हणाला, "काका, राहू द्या." मी मागे फिरलो.

होळीच्या सुमाराला मी सीतापुऱ्याला गेलो. बायको म्हणाली होती, जाऊ नका, अपमान करून घ्याल. पण इतकी वर्षं एका फाटकावर काढलेला माणूस मी असाच सोडू? खोली म्हणजे पत्र्याची, बाजूला रंगाच्या कारखान्याचं गटार, लाल-निळं पाणी वाहतं. तो खाटेवर बसला होता. फोन चार्जिंगला लावून वायर मांडीवर घेतलेली. वहिनींनी या म्हटलं. तो वायर सरळ करत राहिला.

मी बसलो. पोराचं विचारलं, कामाचं विचारलं. वहिनी उत्तरं देत होत्या. मग तो अचानक म्हणाला, "एक इचारू? खरं सांगशीन?"

"इचार."

"तुह्यं घर होतं. माह्यं होऊ नाई असं वाटलं का तुले?"

वहिनी म्हणाल्या, "काय बोलता हो." तो माझ्याकडेच बघत होता. मी रागावलो असतो, पण त्याच्या आवाजात भांडण नव्हतंच. खरोखर विचारत होता तो.

मी म्हटलं, "नाही. अन् ते कूपन मी आज बी दिलं नसतं."

त्यानं मान हलवली. "मंग ठीक," म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. चहा येईपर्यंत, चहा पिऊन होईपर्यंत तो तसाच होता.

वहिनी मला बसपर्यंत सोडायला आल्या. बस दिसली तेव्हा पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "भाऊजी, परवा पुन्हा फोन आलता. दुसरा माणूस हाय. म्हणते, तुमचे पहिले पैसे अडकले हायत, ते सोडवून देतो. हे पोराच्या पगारातून मागू राह्यले. सकाळीच दुकानाकडं गेल्ते."

"कोणत्या?"

"मले नाई मालूम. इथं लय दुकानं हायत."

बस थांबली. कंडक्टरनं मानसरोवर मानसरोवर ओरडलं. मी हातानं पुढे जा म्हटलं.

कारखान्यांच्या फाटकांसमोर, शिफ्ट सुटायच्या जागी, पान-बिडीची आणि कूपनांची दुकानं एका ओळीत होती. वहिनींना म्हटलं, तुम्ही घरी जा, बाईमाणसानं बरोबर असू नये, दुकानदार ऐकत नाहीत. त्या गेल्या नाहीत, थोडं मागे उभ्या राहिल्या. पहिल्या दुकानदाराला मी दोस्ताचं वर्णन सांगितलं, उंच, पांढरी दाढी, आकडे सुटे सुटे बोलतो, त्याला कोरं कूपन देऊ नका. तो तंबाखू मळत होता.

"आप कौन?"

"उसका दोस्त."

"तो दोस्त को समझाओ, बाबा. मेरे पास क्यों आए?"

मी पुढच्या दुकानाकडे वळलो.